बहात्तर वॉट

तात्या दुपारी गेले, तरी त्यांच्या मनगटांच्या तारा कुणी काढल्या नव्हत्या. हल्ली माणसांच्या अंगातल्या विजेवरच घरं चालत, आणि मेल्यावरही ती काही तास टिके.

जावई निनादने मीटरवर नजर टाकली. “चोवीस व्होल्ट, दोन अँपिअर. अठ्ठेचाळीसच वॉट. कातडी सुकलीय, रोध बारा ओहमवर गेलाय. वृंदा, गंगाजल आण.”

वडिलांच्या तोंडात घालायचं असेल, असं समजून वृंदाने गडू आणला. निनादने त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि ते पाणी सासऱ्यांच्या मनगटांवर चोळलं.

“तीन अँपिअर. रोध आठवर आला. बहात्तर वॉट.”

पंखा भरभर फिरू लागला. आत्याने पदराने वारा घेणं थांबवलं. “दादाने शेवटपर्यंत दुसऱ्यांसाठीच देह झिजवला हो.”

वृंदा पुढे झाली. तिने तारा उपटल्या.

पंखा थांबला, तेव्हा आत्याला पहिल्यांदा रडू कोसळलं.