दिसू नोको

रुमाल पडला आणि वारलूचा छकडा सुटला.

छकडा म्हणजे दोन चाकं, एक दांडा आणि एका माणसाचं बूड कसंबसं टेकेल एवढी फळी. दुसऱ्याला जागाच नाही. त्या फळीवर एकोणीस वर्षांचा वारलू, हातात कवड्या आणि लाल्या या बैलांचे कासरे, आणि मूल गावच्या शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला, जमलेला सगळा मुलूख कापलेल्या धानाच्या बांध्यांमध्ये दाटीनं उभा. शेजारच्या वाटेवर नवरगावची जोडी. वाटेच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची टाकून सोमाजी पाटील बसलेले. मालगुजारी जाऊन चार वर्षं झाली होती, पण पाटलांची ऐट काही सरकारजमा झाली नव्हती. आज जिंकलास तर पुढच्या हंगामापासून माझी जोडी तूच हाकायची, पार भंडाऱ्यापर्यंतचे सगळे पट, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं. छकडा हाकणाऱ्या धुरकऱ्यानं याहून मोठं काय मागायचं असतं?

यंदाचे तीन पट वारलूनं मारले होते. तिन्ही वेळा वाटेच्या टोकाला त्याची मोठी बहीण धुरपता उभी होती; तिला तो बाई म्हणायचा. माय गेल्यावर कवड्या-लाल्याला वासरं असल्यापासून तिनंच वाढवलं. रोज दिवस कलला की जर्मनच्या गंजात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या पातेल्यात, कोंडा कालवायची आणि गंजाच्या काठावर हातातल्या गिलटाच्या बांगड्या खणखणवायची. मग दोघं असतील तिथून शेपट्या वर करून धावत यायचे. पटातही तेच. ती खणखण दुरून कानावर आली की बैल असे सुटायचे, की फळीवरून पडायचं नाही एवढंच काम वारलूला उरायचं.

पण हे कबूल करायला जीभ रेटायला हवी ना. सिंदेवाहीचा पट मारल्यावर चहाच्या टपरीवर गावातल्याच पत्रूनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, जोडी हाकते कोण? वारलू तं नुसता बसते, बोलावते त्याची बाई. लोक पोट धरून हसले. वारलूला ते फार लागलं. घरी आला, पागोटं खुंटीला अडकवलं आणि बहिणीकडे न बघताच म्हणाला, "मूलच्या पटाले तू येऊ नोको. आलीच तं दिसू नोको."

धुरपतानं चुलीतलं लाकूड तेवढं आत सारलं.

अर्ध्या वाटेपर्यंत वारलूचा छकडा चांगला हातभर पुढे होता. लोक त्याच्या नावानं ओरडत होते, नुसत्या त्याच्या. मग वाटेचं टोक दिसायला लागलं, आणि कवड्यानं मान वर केली. लाल्यानंही केली. दोघांचा वेग मंदावला; पळता पळता ते कान टवकारून काहीतरी शोधत होते. काय शोधत होते ते वारलूला कळलं, आणि आपण काय करून बसलो तेही त्याच क्षणी कळलं. त्यानं हाळी दिली, शेपट्या पिरगाळल्या. शेवटी कमरेची तुतारी काढली, टोकाला खिळा ठोकलेली काठी, आणि लाल्याच्या पुठ्ठ्यावर टोचली. त्या जनावराला काठी कधी ठाऊकच नव्हती. ते बिचकून बाजूला सरलं, छकडा कलला, आणि नवरगावची जोडी धूळ उडवत पुढे निघून गेली.

भोंग्यावर दुसऱ्याचं नाव झालं. सोमाजी पाटील खुर्चीवरून उठले आणि त्या धुरकऱ्याच्या पाठीवर हात ठेवून मांडवाकडे चालू लागले. वारलूकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पत्रू मात्र आला, आणि गंमत बघा, हसला नाही.

"बाई काऊन नाई आली गा?" त्यानं विचारलं.

वारलूनं बैल सोडले. त्याला ते पाण्यावर न्यायचे होते, पण दोघं ऐकेनात. नाकपुड्या फुलवून त्यांनी त्याला उलटंच ओढत नेलं, उभ्या केलेल्या बैलगाड्यांच्या रांगेमागे.

तिथं धुरपता बसली होती, पटाकडे पाठ करून. पहाटे निघून पाच कोस चालत आली असणार, पाय पोटऱ्यांपर्यंत धुळीनं भरले होते. मांडीवर गंज, त्यावर पदर झाकलेला. हातातल्या बांगड्या तिनं एका चिंधीनं मनगटाला करकचून बांधल्या होत्या, चुकूनही वाजू नयेत म्हणून.

बैलांनी पदर बाजूला सारून गंजात तोंडं घातली. धुरपता लाल्याच्या अंगावरून हात फिरवत पुठ्ठ्याशी आली, तिथं रक्ताचा ठिपका होता. तो तिनं अंगठ्यानं पुसला. मग वारलूच्या तोंडाकडे बघून ती एकदम ओशाळली.

"मी तं पाठ करून बसली होती रे," ती म्हणाली. "तरी दिसली काय त्यायले? म्हून थांबले का?"

वारलू खाली बसला आणि तिचा हात मांडीवर घेऊन चिंधीची गाठ सोडू लागला. घामानं आवळलेली ती गाठ काही केल्या सुटेना.

"नाई बाई," तो म्हणाला. "तू दिसलीच नाई."