उशाखालची पुडी

रुग्णालयातल्या मेल्या निदान-यंत्राला औषध ठाऊक नव्हतं, पण बुरशीचं मूळ त्याने दहा मिनिटांत शोधून दिलं: उशाखालच्या पुडीतली देवाची वाळकी फुलं. प्रयोगशाळेत वाढवलेलं हृदय शरीराने नाकारू नये म्हणून श्रीरंगची प्रतिकारशक्ती औषधांनी मारली होती. आता झडपेवर बुरशी धरली होती. दुसरं हृदय वाढायला सहा महिने लागणार होते आणि त्याच्याकडे आठवडाही नव्हता.

कल्याणीने नवऱ्याचा अहवाल वाचून फोन पर्समध्ये टाकला.

"कुठून आली गं बुरशी?" सासूबाईंनी विचारलं.

"एसीतून म्हणतायत."

"बघ! मी फुलं ठेवली म्हणून एवढा तरी तग धरला त्याने." त्यांनी पिशवीतून ताजी पुडी काढली. "ही ठेव आता."

कल्याणीने ती उशाखाली सरकवली.