वळसा

मेंदूच्या झटक्यात धाकूबाबांना दिसायचं पार थांबलं. तरी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी वाटेत खुर्ची ठेवून त्यांना चालायला लावलं, तेव्हा बाबा ती अलगद टाळून पुढे गेले. सून मृणाली बघतच राहिली.

"डोळे शाबूत आहेत, मेंदूतली बघण्याची जागा गेली," डॉक्टर म्हणाले. "पण डोळ्यांकडून मेंदूत एक जुनी आडवाटही जाते. तिच्यावरून पायांना कळतं. यांना मात्र काही दिसत नाही."

भाट्याला घरी आल्यावर बाबा ओटीवरून माजघराकडे निघाले. ओटी मोकळी होती. तरी मधोमध पोचताच ते वळले आणि कुणी आडवं निजलं असावं तेवढा वळसा घालून भिंतीकडेने गेले.

"बाबा, असे कडेने का गेलात?"

"सरळच तर आलो गो," ते हसून म्हणाले. "तुझी सासू कधी येतेय लेकीकडून?"

सासूबाई गेल्याचं बाबांपासून सगळ्यांनीच लपवलं होतं. बाबा इस्पितळात असताना सासूबाईंना शेवटचं निजवलं होतं ते इथेच, ओटीच्या मधोमध, दक्षिणेकडे पाय करून.