एसटीतलं मौन

साताऱ्याहून माहेरी सांगलीला जाताना मी एसटीत मौनव्रत धरायचे. व्रत खरंच, पण अनोळखी माणसांशी बोलायची भीतीही वाटायची. बाहत्तरच्या दुष्काळात अशीच खिडकीशी बसून, गोमुखीत हात घालून जप करत होते. कराडला शेजारची बाई तान्हं पोर माझ्या मांडीवर ठेवून पाणी भरायला उतरली. ती यायच्या आतच कंडक्टरनं घंटी दिली आणि गाडी हलली. मी त्याची बाही ओढून पोराकडं बोट केलं. तो हसला, "आवं मावशी, त्येला तिकीट न्हाई लागत, बसा गप!" पोर रडू लागलं. कंडक्टर पुढं तिकिटं फाडायला वळला, तशी मी पोराला घेऊन उठले आणि घंटीची दोरी ओढली. गाडी थांबली. कंडक्टर दोरीखाली उभ्या धनगरावर खेकसला, "तूच वढलीस न्हवं? उतर खाली!" तो घोंगडं गोळा करू लागला. "मी ओढली," मला कंठ फुटला. "लेकराची आई मागं राहिलीय."