ताप उतरेपर्यंत

"हेमू, कधी आलीस गं?"

सात महिन्यांनी आईने तिला नावाने हाक मारली होती. हेमांगीने थर्मामीटर पाहिला. एकशे तीन.

आईच्या आठवणींची वाट मेंदूत बसवलेल्या सिलिकॉनच्या चकतीवरून जायची. चकतीवर इंडियम या धातूच्या अणूंची एकेरी रांग होती. ऊब असली की रांगेतून वीज वाहायची. ऊब कमी पडली की अणू जोडीजोडीने सरकायचे आणि वाट बंद व्हायची. सुरुवातीला अंगाची ऊब पुरली. आता चकती जुनी झाली होती. "चकतीला दर वेळी जास्त ताप लागणार," डॉक्टर सबनीस म्हणाले होते. "पुढच्या वर्षी लागेल तेवढा माणसाला सोसणारच नाही."

म्हणून हेमांगीने सकाळपासून तापाची गोळी दिली नव्हती.

"आई, बाबा गेले तेव्हा तू एकटीच जवळ होतीस. काय म्हणाले गं ते?"

"तुझंच नाव घेत होते. म्हणाले, हेमूला सांग..." आई कण्हली. "डोकं फुटतंय गं. कपाळावर घडी ठेव. ताप उतरू दे, मग सांगते सगळं."

हेमांगीने फडकं गार पाण्यात बुडवलं, पिळलं आणि आईच्या कपाळावर ठेवलं.