खाडीतल्या शिंपल्या

शहराचं मैलापाणी शुद्ध करून खाडीत सोडणाऱ्या केंद्रात ती पाण्याची तपासणी करायची. खाडी आता पूर्वीसारखी स्वच्छ झाली, हे घरात तिनंच छातीठोकपणे सांगितलं होतं. म्हणून तर सासरे पुन्हा खाडीत उतरले आणि टोपलीभर शिंपल्या घेऊन आले. खाडीच्या चिखलात शिंपल्या वेचण्यातच त्यांची हयात गेली होती. पण शहराच्या घाणीनं खाडी नासली, तेव्हापासून त्यांनी शिंपलीला हात लावला नव्हता.

उकडलेल्या शिंपल्यांचं पातेलं त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. "पहिला मान तुझा, सूनबाई. खा."

तिनं एक शिंपली उचलली. पाण्याचे नमुने तिनं स्वतः तपासले होते, मागच्याच आठवड्यात शिंपल्याही तपासल्या होत्या. नाव ठेवायला जागा नव्हती. तरी हात काही तोंडापर्यंत जाईना. का जाईना, ते तिचं तिलाच कळेना.

"पाणी स्वच्छ आहे ना गं?" सासऱ्यांनी विचारलं.

"अगदी स्वच्छ, बाबा." तिनं डोळे मिटून घास तोंडात टाकला. चव छान होती, खारट आणि जराशी गोड. सासऱ्यांचा चेहरा उजळला.

ते पाहून तिच्या चिमुरड्या लेकीनंही पातेल्यात हात घातला. तिनं लेकीचा हात झटकन मनगटाशी धरला.

"तिला का गं अडवतेस?" सासऱ्यांनी विचारलं.

"काय माहीत, बाबा," ती गोंधळून म्हणाली. पण लेकीचं मनगट काही तिला सोडवेना.