डावी बाजू

अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टची, म्हणजे टीम्सनी नवे खेळाडू निवडण्याची संध्याकाळ. ओहायोतल्या आमच्या घरी टीव्हीसमोर बाबा आणि शेजारचे लेस्टरकाका यांची जुंपली होती, की आपल्या टीमनं यंदा पहिला कोण उचलावा.

“पळत जाऊन पास झेलणारा हवा,” काका म्हणाले.

“तो काय डोंबल झेलणार? इथे बॉल फेकणाऱ्यालाच आधी आडवा करतात. त्याची पाठ राखायला डाव्या बाजूला भिंत हवी. तिथे आपलं नुसतं भगदाड आहे.”

काकांनी हळूच माझ्याकडे पाहिलं, मग ते बाबांना म्हणाले, “इतकं काही वाईट नाही रे, कॅझ.”

“वाईट नाही? चार वर्षं बघतोयस ना? दर रविवारी समोरचा माणूस सरळ आत शिरतो.”

मी बशीतली बटाट्याचं सारण भरलेली पिएरोगी काट्यानं चिवडत राहिलो.

तेवढ्यात नाव जाहीर झालं. डाव्या बाजूलाच खेळणारा एक धिप्पाड पोरगा. बाबा खुर्चीतून उठून अक्षरशः नाचायला लागले. त्यांच्या अंगातल्या टीमच्या जर्सीवर माझं नाव होतं, माझा नंबर होता.

मग वळून त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

“चला, तुझ्या जागेची काळजी मिटली एकदाची.”